इंटरनेट बंद करण्याचा आदेश: अधिकार कोणाचा, आणि कागद कुठे?

सेतूवाला
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझं ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, आधारवर अंगठा लावून पैसे काढणं, अशी सगळी कामं. मध्यंतरी आमच्या जिल्ह्यात दोन गटांत तणाव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडलं तर नेट गायब. आधी वाटलं राऊटर गेला. मग मोबाइलवरून जोडून पाहिलं, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून पाहिलं. साडेनऊला शेजारचा औषधवाला विचारायला आला तेव्हा कळलं की सगळ्यांचंच गेलंय.

त्या दिवशी एक आजी आली. वाडीवरून एसटीने आलेली. निराधारचे पंधराशे जमा झालेत का बघ म्हणाली. मी काही सांगायच्या आत तिने सवयीने मशीनवर अंगठा ठेवला. काहीच झालं नाही. तिने अंगठा पदराला पुसला, परत ठेवला. परत पुसला, फुंकर मारली, परत ठेवला. "खुरपून खुरपून झिजलाय रे, माझाच अंगठा उमटत नसंल," म्हणाली. आजी, अंगठा बरोबर आहे, नेट बंद केलंय, असं सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न आला: "कुणी केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन दिवस हेच चाललं. तहसीलला विचारलं तर वरून आलंय म्हणाले. ठाण्यात विचारलं तर आम्हालाही फोनवरच कळलं म्हणाले. कंपनीच्या ग्राहक सेवेत "शासनाच्या निर्देशानुसार" एवढं एकच वाक्य. आदेशाची प्रत कुणी पाहिलेली नाही. पीक विम्याची मुदत दोन दिवसांवर होती, चाळीसेक शेतकऱ्यांचे कागद माझ्या टेबलावर पडून.

नंतर वाचलं की १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितलंय, असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. म्हणजे तो कागद बघण्याचा आजीला हक्क आहे.

माझं मत असं: काही प्रसंगी सरकारला हा अधिकार लागेल, ते मी नाकारत नाही. पण आदेश लेखी हवा, कारण लिहिलेलं हवं, सही कुणाची ते दिसायला हवं. तुमचे अनुभव आणि मतं सांगा. विरोधी मत असेल तर जरूर सांगा.

भटका_जोशी
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. आजीचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाहीये.

निवृत्त_खाकी
सेतूवाले, तुमचा त्रास खरा आहे. पण दुसरी बाजू मी मांडतो, कारण ती मी उभं राहून पाहिली आहे.

१ जुलै २०१८ आठवतो का? धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे व्हिडिओ मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं आठवडी बाजारात आली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही जण निरपराध. मी त्या ठाण्यात नव्हतो, पण त्या उन्हाळ्यात आमच्या हद्दीतही तीच अफवा आली होती. एका भंगारवाल्याला लोकांनी खांबाला बांधलं होतं. आम्ही सहा जण. समोर किती असतील सांगता येत नाही, पण मागची रांग वाढतच होती, कारण प्रत्येक जण मोबाइलवर "या, सापडला" असं टाकत होता. आम्ही त्याला जीपमध्ये घातलं तेव्हा त्याचा एक कान फाटलेला होता. तो वाचला. काच फुटून माझ्या हवालदाराच्या डोळ्याला लागलं.

त्या वीस मिनिटांत कुणी मला विचारलं असतं, साहेब, नेट बंद करू का, तर मी हो म्हटलं असतं. कारणमीमांसा, प्रसिद्धी, समिती हे सगळं दुसऱ्या दिवशी. माणूस मेल्यावर आदेशाची प्रत बघून काय करायचं?

अभ्यासिका
काका, तुमचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. पण सगळे शटडाऊन असल्या प्रसंगासाठी होत नाहीत ना. सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेसाठी कितीतरी जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये आसामातही भरतीच्या परीक्षेसाठी तेच. मी स्वतः स्पर्धा परीक्षा देते. पेपर फुटू नये असं माझ्याइतकं कुणाला वाटत असेल! दोन वर्षं घालवली आहेत मी. पण पेपर फुटतो तो छपाईच्या, वाहतुकीच्या, केंद्राच्या ठिकाणी. तिथलं कुलूप नीट लावायचं सोडून अख्ख्या जिल्ह्याला कुलूप लावायचं, ही कुठली रीत?

नेट बंद करण्याच्या कायद्यात "सार्वजनिक आणीबाणी" असे शब्द आहेत. परीक्षेला ते लावता येतात का, हे कुणीतरी कायद्यातलं सांगा.

टॉवरवाला
मी दूरसंचार क्षेत्रात काम करतो, कंपनीचं नाव सांगत नाही. प्रत्यक्ष काय होतं ते लिहितो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कुठेतरी एक बटण आहे.

आदेश निघतो राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवर. तो कंपन्यांकडे पोहोचवायचा तो पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने. प्रत्येक कंपनीचे यासाठी नेमलेले नोडल अधिकारी असतात, त्यांच्याकडे हा कागद येतो. मग नेटवर्कवाले त्या हद्दीतल्या टॉवरची यादी काढतात आणि त्यांवरचा डेटा बंद करतात. बहुतेक वेळा कॉल चालू राहतात, डेटा तेवढा जातो.

यात दोन गोष्टी. एक, टॉवरला जिल्ह्याची सीमा कळत नाही. त्याचा झोत पाच-सात किलोमीटर कुठेही जातो. त्यामुळे हद्दीवरच्या टेकडीवर चढलं की पलीकडच्या जिल्ह्याचं नेट मिळतं, आणि अलीकडे ज्यांचा काही संबंध नाही अशी गावं अंधारात जातात. दुसरं, डेटा बंद केला की अफवेचा व्हिडिओ आणि रेशनचं मशीन यांत आम्हाला फरक करता येत नाही. दोन्ही डेटाच. रेशन दुकानातल्या ई-पॉसमध्येही सिमच असतं. एटीएमसुद्धा कितीतरी ठिकाणी सिमवर चालतात.

म्हणजे सेतूवाल्यांना हवा असलेला कागद अस्तित्वात असतो. तो आमच्याकडे येतो. लोकांकडे येत नाही.

सेतूवाला
टॉवरवाले, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मला वाटत होतं सगळं तोंडीच चालतं.

निवृत्त खाकी साहेब, तुमच्यापुढे मी नमस्कारच करतो. त्या भंगारवाल्याचा जीव तुम्ही वाचवलात. पण माझा प्रश्न त्या वीस मिनिटांचा नाही. आमच्याकडे पहिल्या रात्रीनंतर काहीच घडलं नाही, तरी दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. आणि तणाव जिथे झाला ते शहर आमच्यापासून साठ किलोमीटरवर. तिथल्या दगडफेकीचा आमच्या वाडीवरच्या आजीशी काय संबंध? पहिल्या तासाला तुम्ही म्हणता ते कारण पुरेल. तिसऱ्या दिवसालाही तेच पुरवायचं म्हणजे काय?

शिवारातून
मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. आमच्या घरी नेट गेलं त्या दोन दिवसांत पोरं ओट्यावर बसून गप्पा मारत होती. घर घरासारखं वाटलं. सगळंच वाईट नसतं.

मृण्मयी_म
शिवारातून, पोरांचा मोबाइल घरातल्या मोठ्यांनी काढून घ्यावा. त्यासाठी गृह सचिव कशाला?

मूळ मुद्द्यावर मला थोडी उलटी बाजू मांडायची आहे. इथे सगळे सरकारच्या ताब्याबद्दल बोलताय. माझ्या फोटोवरून कुणीतरी खोटं खातं उघडलं होतं. त्यावरून माझ्या नात्यातल्या, ऑफिसातल्या लोकांना घाणेरडे संदेश जात होते. मी त्या कंपनीच्या खिडकीत सात वेळा तक्रार केली. सातही वेळा यंत्राचं उत्तर आलं: आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तिथे माणूस नाही, फोन नंबर नाही, पत्ता नाही. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत मी ऑफिसात मान खाली घालून जात होते, काही केलेलं नसताना.

शेवटी कुणीतरी सांगितलं की २०२१ च्या आयटी नियमांत तोतयेगिरीच्या आणि अशा फोटोंच्या तक्रारीवर (तेव्हा) २४ तासांत कारवाई करायचं बंधन होतं. तो नियम लिहून तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, सायबर पोलिसांत अर्ज दिला, आणि खातं दुसऱ्या दिवशी उडालं. सरकारचा नियम होता म्हणून माझी सुटका झाली. त्यामुळे "सरकार नको, इंटरनेट मोकळं सोडा" असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, मोकळं कुणासाठी?

अभ्यासिका
मृण्मयीताई, हे इथे मांडलंत यासाठी खूप धन्यवाद. मला पटलं. पण तुमच्याच उदाहरणात बघा: नियम छापलेला होता, तुम्हाला वाचता आला, तुम्ही त्यावर बोट ठेवू शकलात. सेतूवाले तरी वेगळं काय मागताहेत?

वकीलतात्या
दोन दिवस कोर्टात होतो, आता सलग लिहितो. तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत, त्या आधी सुट्या करू.

पहिली: अख्खं नेट बंद करणं. पूर्वी हे जमावबंदीच्या कलम १४४ खाली जिल्हा पातळीवरच व्हायचं. २०१७ साली स्वतंत्र नियम आले, ते १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) खाली. त्यात आदेश गृह सचिवांचा, आणि पाच दिवसांत पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा. राज्यात या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव. भसीन निकालानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा घातली गेली. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम आहेत. शब्द मात्र तेच: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. या शब्दांची व्याख्या कायद्यात नाही. अभ्यासिका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच अडतं. माझ्या मते भरती परीक्षा ही कुठल्याही अर्थाने आणीबाणी नाही.

दुसरी: एखादं संकेतस्थळ, ॲप किंवा खातं रोखणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी ॲप याच कलमाखाली बंद झाली. श्रेया सिंघल निकालात, २४ मार्च २०१५, सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ राखलं. का राखलं? तर तिथे कार्यपद्धती आहे, कारणं लेखी द्यावी लागतात, म्हणून. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे: त्याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ म्हणतो की तक्रारी आणि त्यावरची कारवाई गोपनीय ठेवायची. कारणं लेखी आहेत म्हणून कलम वाचलं, आणि ती कारणं ज्याचं लिखाण रोखलं त्यालाच बहुधा दिसत नाहीत. मी एका छोट्या पोर्टलवाल्याचं प्रकरण पाहिलंय. त्याला आपलं पान दिसेनासं झालं एवढंच कळलं. आव्हान द्यायचं तर कशाला द्यायचं? हातात कागदच नाही.

तिसरी: खरं-खोटं ठरवायचा अधिकार. एप्रिल २०२३ मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल काय खोटं, काय दिशाभूल करणारं, हे सरकारनेच नेमलेला तथ्य तपासणी कक्ष ठरवणार होता. हे प्रकरण आपल्या मुंबई उच्च न्यायालयात लढलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली. मग तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, न्या. चांदूरकरांकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. ज्याच्याबद्दल बोललं जातंय त्यानेच निवाडा करायचा नाही, हे साधं तत्त्व आहे. गावच्या पंचायतीतही ते पाळतात.

मृण्मयीताई, तुमचा अनुभव या तिन्हींपेक्षा वेगळा, चौथा. तिथे तक्रारदार तुम्ही होतात, नियम तुमच्या हातात होता. तो अधिकार राहायलाच हवा.

भटका_जोशी
तात्या, साष्टांग! तार खातं २०१३ च्या जुलैत बंद झालं, शेवटच्या दिवशी मी रांगेत उभं राहून बहिणीला तार केली होती. "सुखरूप आहे, काळजी नसावी." आणि तारेचा कायदा मात्र पुढे दहा वर्षं आमचं नेट तोडत होता! तार गेली, तोड राहिली.

जुनं_पान
जोशीबुवा, त्या कायद्याचं साल बघा. १८८५. त्याच्या सात वर्षं आधी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने देशी वृत्तपत्रांचा कायदा आणला होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, फक्त देशी भाषांतल्या पत्रांना. अमृत बझार पत्रिका तेव्हा रातोरात इंग्रजीत निघायला लागली. म्हणजे कुणाचं बोलणं धोक्याचं आणि कुणाचं नाही, हे आधीच ठरवून टाकलं होतं. पुढे १९०८ मध्ये केसरीतल्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं.

मी आणीबाणी पाहिली आहे. तेव्हा कॉलेजात होतो. २५ जून १९७५ च्या रात्री जे झालं ते आम्हाला सकाळी वर्तमानपत्रातून कळायला हवं होतं, तर दिल्लीत बऱ्याच छापखान्यांची वीज त्या रात्री गेलेली. नंतर आमच्या वाचनालयात येणाऱ्या इंडियन एक्स्प्रेसमध्ये अग्रलेखाची जागा कोरी आली. ग्रंथपालांनी तो अंक रॅकवर लावला नाही, टेबलावर उलगडून ठेवला. दिवसभर लोक येऊन त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होते. कुणी मोठ्याने काही बोललं नाही.

हे सांगायचं कारण, कोऱ्या जागेतून निदान कळत होतं की इथे काहीतरी होतं. आता खातं रोखलं, पान रोखलं तर जागा कोरीसुद्धा दिसत नाही. "सापडत नाही" एवढंच येतं. माझ्या नातवाला वाटतं, नेटवर्क गेलं असेल.

टॉवरवाला
जुनं पान काका, तांत्रिकदृष्ट्या तुम्ही अगदी बरोबर बोलताय. संकेतस्थळ रोखायची एक पद्धत अशी: तुम्ही पत्ता टाकला की तुमच्या कंपनीची नोंदवही त्याचा क्रमांक सांगते. त्या नोंदवहीत मुद्दाम चुकीचा क्रमांक लिहितात किंवा उत्तरच देत नाहीत. वाचणाऱ्याला ते बिघाडासारखंच दिसतं. काही कंपन्या "शासनाच्या आदेशाने रोखले आहे" अशी पाटी लावतात, काही लावत नाहीत. एकाच दिवशी एका कंपनीवर पान उघडतं, दुसऱ्यावर नाही. मला विचाराल तर ती पाटी लावणं सक्तीचं करायला हवं. त्याला खर्च शून्य.

रानजाई
पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी २०२३ मध्ये इंफाळला शिकत होती. ३ मे ला दंगल सुरू झाली आणि नेट बंद झालं. फोन लागायचा, पण कधी लागायचा, कधी नाही. वसतिगृहाच्या गच्चीतून तिला धूर दिसत होता. किती लांब, कुणाचं घर, काही कळत नव्हतं. टीव्हीवर आम्हाला इथे जे दिसत होतं ते तिला तिथे दिसत नव्हतं. ताई फोनवर तिला इथल्या बातम्या वाचून दाखवायची, "त्या रस्त्याला जाऊ नका" म्हणायची. विचार करा, हजारो किलोमीटरवरून आई सांगतेय की तुझ्या शेजारच्या गल्लीत काय चाललंय. पैसे संपत आले होते, मोबाइलवरून पाठवता येत नव्हते. पुढे महाराष्ट्र सरकारने विद्यार्थ्यांना विमानाने परत आणलं, तेव्हा ती घरी आली. त्याबद्दल सरकारचे उपकार मानते, मनापासून.

पण मणिपुरात मोबाइल इंटरनेट मे पासून जवळजवळ डिसेंबरपर्यंत बंद होतं. हिंसा काही थांबली नाही. जमावाने धिंड काढलेल्या त्या दोन बायकांचा व्हिडिओ जुलैमध्ये बाहेर आला तो ४ मे चा होता. अडीच महिने देशाला माहीतच नव्हतं. नेट चालू असतं तर अफवा पसरल्या असत्या, मान्य. पण त्या बायकांवर काय झालं हे अडीच महिने दाबून राहिलं नसतं.

निवृत्त खाकी काका, तुमचा अनादर नाही. पण अंधारात जमावालाही लपता येतं.

अभ्यासिका
रानजाई, काही बोलायला शब्द नाहीत.

निवृत्त_खाकी
रानजाई, बेटा, रागावलो नाही. तुझं वाक्य वाचून उठून फेऱ्या मारल्या आणि परत येऊन बसलो.

मी एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. त्या भंगारवाल्याच्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी दुसऱ्या हद्दीत असताना खरोखरच नेट बंद केलं होतं. त्या रात्री अफवा आली की एका मुलाला मारून विहिरीत टाकलंय. मुलगा आमच्या ठाण्यात बसून चहा पीत होता. धडधाकट. नेट चालू असतं तर त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ करून टाकला असता, पाच मिनिटांत विषय संपला असता. नेट बंद. शेवटी रिक्षाला भोंगा लावला, मुलाला आणि त्याच्या बापाला रिक्षात बसवलं आणि गल्लोगल्ली फिरवलं. "मी इथे आहे, मला काही झालं नाही," पोरगं ओरडत होतं. घसा बसला त्याचा. तीन तास लागले. तोवर दोन दुकानं जळली होती.

म्हणजे अफवेला पाय होते आणि आमच्या खुलाशाला नव्हते. हे मी तेव्हाही अहवालात लिहिलं होतं.

तरीही अधिकार काढून घ्या असं मी म्हणणार नाही. राईनपाड्यासारखा प्रसंग समोर असेल तर काही तास, त्या ठाण्याच्या हद्दीपुरतं, बंद करता आलं पाहिजे. जिल्हाभर, आठवडाभर नाही. आणि कागदाबद्दल सेतूवाल्यांचं म्हणणं आता मला पटतं. अटक केली तर कारण लेखी देतो आम्ही, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करतो. मग लाखो लोकांचं नेट तोडताना तेवढंही नको का?

शिवारातून
साहेब, मानलं तुम्हाला. मतावर ठाम राहून मत दुरुस्त करणारी माणसं कमी.

माझ्या आधीच्या प्रतिसादाबद्दल: माझा कांदा बाजारात होता त्या दिवशी. व्यापाऱ्याने पैसे ऑनलाइन टाकतो म्हणून सांगितलं ते पाच दिवसांनी आले. ओट्यावरच्या गप्पांपुढे तेव्हा ते लिहायचं राहिलं.

प्रवासी_पक्षी
बाहेरच्या देशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. इजिप्तमध्ये जानेवारी २०११ च्या शेवटी सरकारने जवळजवळ अख्ख्या देशाचं नेट तोडलं. घरात बसून नेटवर बातम्या बघणारे लोक, बातम्या बंद झाल्यावर काय चाललंय ते बघायला रस्त्यावर उतरले. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष गेले. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने नोंदणी केली नाही म्हणून फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप अशा २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. भ्रष्टाचारावरचा राग आधीच होता, त्यात ही ठिणगी. ८ तारखेला तरुण पोरं रस्त्यावर आली, गोळीबारात कितीतरी मेली. बंदी मागे घेतली तरी ९ तारखेला पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला.

मी हे "सरकार पाडा" म्हणून सांगत नाही. सांगतोय एवढंच की नेट तोडून शांतता विकत घेता येते हा हिशेब राज्यकर्त्यांसाठीही चुकतो.

आणि आपल्याबद्दल: ॲक्सेस नाऊ ही संस्था जगभरातले शटडाऊन मोजते. त्यांच्या मोजणीत २०२३ मध्ये भारतात ११६, जगात सर्वाधिक. २०२४ मध्ये ८४, म्यानमारच्या ८५ खालोखाल. तिथे तेव्हा लष्कराची सत्ता होती. लोकशाही देशाने त्या यादीत शेजारी बसू नये असं मला मनापासून वाटतं.

वकीलतात्या
प्रवासी पक्षी, आकडा बाहेरच्या संस्थेचा का द्यावा लागतो, तेही सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने याच विषयावर अहवाल दिला. त्यात नोंद आहे की दूरसंचार विभाग आणि गृह मंत्रालय, दोघांकडेही देशभरातल्या अशा आदेशांची एकत्रित नोंदच ठेवलेली नाही. समितीने ती ठेवा म्हणून शिफारस केली. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत, अठरा महिने, बहुतेक लोकांना पूर्ण वेगाचं मोबाइल इंटरनेट नव्हतं. एवढ्या मोठ्या गोष्टीचा जमाखर्च कुणीतरी मांडायला नको?

सेतूवाले, तुम्ही माहिती अधिकारात अर्ज टाका. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीनच गोष्टी मागा: आदेशाची प्रत, पुनर्विलोकन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि आदेश कुठे व कधी प्रसिद्ध केला त्याचा पुरावा. "का" विचारू नका, "का" ला उत्तर देत नाहीत. कागद मागा.

सेतूवाला
तात्या, उद्याच टाकतो. धागा वर राहू द्या मंडळी.

भटका_जोशी
(सात आठवड्यांनी) सेतूवाले, अर्जाचं काय झालं? सगळे वाट बघतोय.

सेतूवाला
आजच लिहिणार होतो. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, मग मी जरा थांबलो, सगळं नीट वाचायला.

आदेशाची प्रत मिळाली. दीड पानाची. क्षेत्र: संपूर्ण जिल्हा. कारण: "समाजकंटकांकडून अफवा पसरवल्या जाण्याची शक्यता." मुदत: पहिल्या आदेशात २४ तास. दुसऱ्या आणि तिसऱ्या आदेशात तोच मजकूर, तारीख तेवढी बदललेली. एका ठिकाणी तर जुनीच तारीख राहून गेली आहे. पुनर्विलोकन समितीचं इतिवृत्त: "या कार्यालयाकडे उपलब्ध नाही." प्रसिद्धीचा पुरावा: रकाना रिकामा, आडवी रेघ मारलेली.

पीक विम्याचे चाळीसपैकी एकतीस अर्ज मी तेव्हा मुदतीत भरले होते. टॉवरवाल्यांनी नंतर इथे लिहिलं तेच शेवटच्या रात्री केलं होतं: लॅपटॉप घेऊन हद्दीवरच्या टेकडीवर गेलो. गाडीच्या टपावर लॅपटॉप, पोरगा टॉर्च धरून, पलीकडच्या जिल्ह्याच्या रेंजवर पहाटे तीनपर्यंत. नऊ राहिले. त्यातल्या दोघांचं सोयाबीन नंतरच्या पावसात गेलं. ते मला काही बोलले नाहीत, पण केंद्रासमोरून जाताना मान वळवतात.

आजी परवा आली होती. मी तिला तो कागद दाखवला, खालच्या सहीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला. "माझा अंगठा नव्हता ना मग खराब?" म्हणाली. नव्हता आजी.

पहिलं अपील तयार केलंय, इतिवृत्त आणि प्रसिद्धी या दोन मुद्द्यांवर. तात्या, मसुदा तुम्हाला वैयक्तिक संदेशात पाठवलाय. मुदत संपायला अजून अकरा दिवस आहेत.

वकीलतात्या
वाचला. चांगला झालाय. दुसऱ्या परिच्छेदात आदेशाचा क्रमांक पहिल्याचा पडलाय, तिथे तिसऱ्याचा हवा. जुनी तारीख राहिलेल्या पानाची छायाप्रत वेगळी जोडा आणि त्या तारखेला शाईने गोल करा. वीस रुपयांचा स्टॅम्प लावा, पोच घ्या. सुनावणीच्या दिवशी मला कोर्टाचं काम नसेल तर मी येतो.

निवृत्त_खाकी
मीही येतो. तारीख कळवा.